शिपायाच्या पोटावरचा गोचीड

"गोचीड कुत्र्याचा आकार बघत नाही, औषध घालणाऱ्यानं मात्र बघायलाच हवा," असं ती एकदा म्हणाली होती. म्हणाली कसली, एका वकिलाला त्याच्याच दिवाणखान्यात चार पाहुण्यांसमोर सुनावलं होतं. वकिलानं दुसऱ्या दिवसापासून कुत्रा धुवायला दुसरं माणूस बघितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. निदान तिनं तसं दाखवलं नाही.

तिला सगळे तपासणीबाई म्हणत. कापडाच्या गिरणीत तपासणी खात्यात तिनं सव्वीस वर्षं काढली होती. टेबलावरून ताग्यामागून तागा सरकायचा आणि ती डोळे मिटून त्यावर तळहात ठेवायची. डोळे रंगावर भाळतात. हाताला रंग दिसत नाही, म्हणून त्याला गाठ सापडते. एकदा नव्या मॅनेजरच्या अंगातल्या शर्टाचा दोष तिनं भर खात्यात बोट लावून दाखवला. पुढची बढती शेजारच्या टेबलाला मिळाली.

मग गिरणी बंद पडली. रिकामा हात तिला दुखणाऱ्या हातासारखा वाटायचा. एका दुपारी ती पायरीवर बसली होती. शेजाऱ्यांचं पांढरं कुत्रं येऊन टेकलं. सवयीनं तिचा तळहात त्याच्या पाठीवरून फिरला आणि कानामागे थांबला. तिथं एक गोचीड रक्त पिऊन टम्म फुगला होता. त्या दुपारी तिला पुन्हा कापड सापडलं.

पुढचं ती कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे शिकली, हट्टानं, शंभर प्रश्न विचारून. आता घरोघरी जाऊन ती लहान कुत्री धुते, विंचरते, तपासते. पिशवीत बारीक फणी, टोकदार चिमटा, स्पिरिटची बाटली, हुकाचा वजनकाटा आणि कुत्र्याला टांगायला उशीचा एक जुना अभ्रा. निघताना सून रोज बजावते, "आई, कमाई हाताची आहे, तोंडाची नाही. तेवढं जपा."

"हात ज्या माणसाचा, तोंडही त्याचंच आहे," ती म्हणते आणि चपला घालते.

त्या दिवशी फोन आला तो निवृत्त हेडमास्तरांचा. "ताबडतोब या. परिस्थिती गंभीर आहे." सूचनाफलकावर लिहावं तसं ते बोलले.

मास्तरांच्या घरी शिपाई होता. म्हणजे कुत्रा, वीतभर उंच, केसांचा नुसता पुंजका, पण दारावरची घंटा वाजली की सगळ्यांच्या आधी हजर, म्हणून शिपाई. मास्तरीणबाई महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "परत येईन तेव्हा दोघंही धड दिसले पाहिजेत. आधी शिपाई, मग तुम्ही." आणि त्या उद्या सकाळी येणार होत्या.

तपासणीबाई आत आली तेव्हा शिपाई टेबलावर उताणा होता. मास्तरांच्या एका हातात चिमटा, दुसऱ्यात टोक कापलेली औषधाची नळी.

"पोटावर गोचीड आहे. कालपासून ओढतोय, सुटत नाही. फारच चिवट जात दिसते," मास्तर म्हणाले.

तिचं लक्ष नळीकडे होतं. "हे कुणी दिलं?"

"शेजारच्या ठेकेदारानं. त्याच्या कुत्र्याचं आहे."

"त्या वासराचं? अंगावर घातलंत का?"

"नाही, नाही. आता घालणार होतो, तेही थोडंसंच. गणित केलंय मी." त्यांनी कागद पुढे केला. त्रैराशिक सुवाच्य अक्षरात मांडलं होतं, उत्तराखाली दोन रेघा.

"वजन काय धरलंत?"

"अंदाजे सहा किलो."

तिनं शिपायाला अभ्र्यात घातलं आणि काट्याला टांगलं. अभ्र्यातून फक्त नाक बाहेर. काटा तीन किलो दोनशेवर थांबला.

"बाकीचे सगळे केस आहेत, मास्तर. तुम्ही केसांना औषध देणार होतात."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी पेन्सिल उचलली. "मग पुन्हा मांडतो."

"मांडू नका. मोठ्याची नळी कापून लहानाला वाटायची नसतेच. थेंबाचा हिशेब हातानं जमत नाही. ठेकेदाराच्या कुत्र्याला थेंब जास्त झाला तर तो शिंकेल. याला झटके आले असते."

मास्तर खुर्चीवर बसले. नळी त्यांनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली, जणू ती आपण होऊन चालत येईल.

तिनं डोळे मिटले. हात शिपायाच्या पोटावर ठेवला. तळहाताखाली ते लहानसं ऊबदार जगणं वरखाली होत होतं. बोट त्या जागी आलं. कातडी चिमट्यानं लाल झाली होती. बोट थांबलं. मग समोरच्या बाजूला गेलं. पुन्हा थांबलं. थोडं खाली, इकडे एक, तिकडे एक. तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"मास्तर, गोचीड असे रांगेत, समोरासमोर, जोडीजोडीनं बसत नाहीत. तुमच्या शाळेतली पोरंही इतक्या शिस्तीत बसली नसतील."

"म्हणजे?"

"म्हणजे हे त्याचंच आहे. जन्मापासूनचं."

"पण तो तर नर आहे!"

"तुम्हीसुद्धा नरच आहात, मास्तर."

मास्तरांनी मान खाली घालून स्वतःच्या बनियनकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवणारा माणूस कानापर्यंत लाल झाला. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज आला, आणि दोघंही असे हसले की शिपाई उठून भुंकायला लागला.

तिचा हात मात्र चालूच होता. कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. गळपट्टा सोडल्यावर त्याच्याखाली डाळीएवढा एक खरा गोचीड निघाला.

"तुम्ही दोन दिवस एकाच ओळीवर अडून बसलात. हा बघा, तोवर आरामात जेवत होता."

तिनं चिमट्याचं टोक पार कातडीला भिडवलं, पिळलं नाही, दाबलं नाही, सरळ वर ओढलं. गोचीड बाटलीतल्या स्पिरिटमध्ये पडला. मग दोघं शिपायाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथं त्याचं पुन्हा वजन झालं, पोट बघून झालं आणि त्याच्याच मापाचं औषध मानेमागे, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून लागलं. आंघोळ दोन दिवस नको, असं सांगणं झालं.

परतताना फाटकाशी मास्तर रेंगाळले. "तपासणीबाई, ते पोटाचं... हिच्या कानावर जायला नको. नातवाला तोंडपाठ होईपर्यंत ती ते सांगत राहील."

"मी आपण होऊन सांगणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलत नाही मी. ठाऊक आहे तुम्हाला."

ठाऊक होतं. म्हणून मास्तरांना नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळपट्ट्याखालची जागा बघायला ती आली, तेव्हा बॅगा दारातच होत्या आणि मास्तरीणबाईंच्या मांडीवर शिपाई आनंदानं वेडा होऊन उताणा पडला होता. चारही पाय वर. लाल ठिपका ऐन उजेडात.

"हे काय? अहो, याच्या पोटाला काय केलंत?"

"कुठं काय? मच्छर असेल," मास्तर म्हणाले.

"मच्छर चिमटे काढतो?" त्या तपासणीबाईकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगा. तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही."

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं धारदार. सव्वीस वर्षांत तिनं एकही गाठ पुढे जाऊ दिली नव्हती. मास्तर भिंतीशी हात मागे बांधून उभे होते, निकाल ऐकायला उभ्या केलेल्या मुलासारखे. तिनं डोळे मिटले आणि शिपायावरून एकदा तळहात फिरवला. गळपट्ट्याखालची जागा कोरडी होती. पोटाची आग उतरली होती. खालचा श्वास शांत होता. कुठंच गाठ लागली नाही.

ती काहीच बोलली नाही.

ती शांतता मास्तरांना सहन होईना. तपासणीबाईनं दिलेली संधी आहे हे त्यांना उमगलं असावं. त्यांनी घसा खाकरला, दोन पावलं पुढे आले. "अगं, चूक माझीच. मीच सांगतो. त्याचं असं झालं... तुला माहीत आहे का, की नरालासुद्धा..." आणि समजावून सांगायला त्यांचा हात नकळत स्वतःच्या छातीकडे गेला.

मास्तरीणबाईंचे डोळे विस्फारले. तपासणीबाईनं ओठ घट्ट मिटले, गाल थरथरले, पिशवी खांद्यावर घेतली, बॅगा ओलांडल्या, चपलांत पाय सरकवले आणि एक शब्दही न बोलता ती दाराबाहेर पडली.