आवाज बंद होता तेव्हा

गळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला एक शब्दही बोलायला मनाई केली होती. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता, आणि आवाज पूर्वीसारखा होईल का, हेही नक्की नव्हतं. लग्न होऊन सावंतवाडीकडच्या गावातून मुलुंडला आले तेव्हा माझं इथे कुणी नव्हतं. मुलगी बालवाडीत जायला लागली आणि मी महिला मंडळात शिरले. पुढे सेक्रेटरी झाले. कुणाबरोबर पोलीस चौकीत जायचं, कुणाच्या सासरी जाऊन बोलायचं, ही कामं माझ्याकडे असत. त्यामुळे देवीने नेमका गळाच का धरला, हा प्रश्न मनातून जाईना. देव्हाऱ्यात दिवा लावत होते, पण हात जोडावेसे वाटत नव्हते. गावाहून आईचा फोन आला की मी नुसती ऐकायची. ती एकदा म्हणाली, "आता तू गप रव. देवीक बोलूक दी." मला ते पटलं नव्हतं.

एका दुपारी बेल वाजली. दारात एक तरुण बाई, कडेवर लहान मुलगी. ती आमच्या अध्यक्ष कुंदाताईंकडे आली होती, पण त्या नाशिकला लेकीकडे गेलेल्या. वॉचमनने तिला माझं दार दाखवलं. मी गळ्याच्या पट्टीकडे बोट करून तिला आत घेतलं आणि चहा टाकला. तिचं नाव सविता. लातूरकडची, लग्नानंतर इथे आलेली.

आधी ती कुठे काम मिळेल का, एवढंच विचारत होती. मी मान हलवत राहिले. मग हळूहळू बाकीचं निघालं. नवऱ्याचा मार, घराबाहेर काढणं, माहेरच्यांचं "सांभाळून घे". एरवी मी मध्येच तक्रार कशी करायची ते सांगायला लागले असते. त्या दिवशी ऐकण्याशिवाय काही करता येत नव्हतं. मुलगी चटईवर झोपून गेली. तिच्या अंगावर पदर घालता घालता सविता म्हणाली, "ताई, हिला तुमच्याकडे ठेवून घ्या. मी काही परत येणार नाही."

ती कुठे निघाली होती, हे मला कळलं. ती उठली तशी मी तिचा हात धरला. तोंडातून नुसती हवा आली. मोबाइल आतल्या खोलीत होता, आणि तो आणायला हात सोडायची माझी हिंमत नव्हती. ती हात सोडवत होती, रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आई, मला जमत नाही, आता तूच बघ, एवढंच मनात आलं. ऑपरेशननंतर देवीला मारलेली ती माझी पहिली हाक.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. सविताला धरूनच मी कडी काढली. दारात कुंदाताई, हातात प्रवासाची बॅग. लेकीच्या सासूबाई अचानक आल्या म्हणून त्या ठरल्यापेक्षा आधी परतल्या होत्या. लिफ्ट बंद होती, त्यांचं घर पाचव्या मजल्यावर, म्हणून पाणी प्यायला पहिल्या मजल्यावर माझ्याकडे थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी धरलेल्या हाताकडे. बॅग खाली ठेवून दार लावलं.

"मला भूक लागलीय," त्या सविताला म्हणाल्या, "तूही जेवली नसशील. बस माझ्याबरोबर."

सविता बसली. वरणभाताचा पहिला घास घेतला आणि मग रडली.

पुढचं मंडळाच्या बायकांनी केलं. चौकीत गेल्या, सरकारी हॉस्पिटलात समुपदेशनाची वेळ घेतली. चेंबूरला तिची मावशी होती, तिने दोघींना ठेवून घेतलं. सविता नंतर एकदा मला म्हणाली, "तुम्ही काही सांगितलं नाहीत, म्हणून मला बोलता आलं."

माझा रिपोर्ट चांगला आला. आवाज मात्र थोडा घोगरा राहिला, आणि त्याबद्दल आता माझी तक्रार नाही. लिफ्ट काय, आमच्याकडे अधूनमधून बंद पडतेच. कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही. आपण थकलो तिथे कुणीतरी येऊन उभं राहिलं, एवढं मी पाहिलं. देवीपुढे बसले की हल्ली मागणं आठवत नाही. काम हातात घ्यायचं आणि बाकीचं तिच्याकडे सोपवायचं, एवढं शिकले. सविता मंडळाच्या शिवणाच्या वर्गाला येते. मागच्या आठवड्यात एक नवी बाई दाराशीच घुटमळत होती. सविताने मशीन थांबवलं, शेजारचं स्टूल पुढे ओढलं आणि तिच्याकडे वळून बसली.