राखणदाराने मान हलवली

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मध्येच हसलात तर माझ्याने पुढे सांगवणार नाही. बायको, स्मिता, आतून ऐकतेच आहे, तिच्या दुरुस्त्या वेगळ्या. तसे मी आयुष्यात बरेच घोळ घातलेत, पण हातात नारळ घेऊन घातलेला हा एकच.

तुम्हाला माहीत आहे, मी डबिंगची संभाषणं लिहितो. साकीनाक्याला एका गाळ्यात आमचा स्टुडिओ आहे. खाली स्क्रू पाडतात आणि वर आम्ही जगभरातल्या लोकांच्या तोंडात मराठी घालतो. तर मध्यंतरी फिनलंडचा एक माहितीपट आला. विषय काय, तर पुरुष. तिकडे घरोघरी सौना असतो, म्हणजे लाकडाची बारकी खोली. आत दगड तापवायचे, त्यांच्यावर पाणी ओतायचं आणि उठलेल्या वाफेत कपडे काढून बसायचं. एरवी तोंडातून चकार शब्द न काढणारे हे थोराड बाप्ये त्या अंधारात बसले की मनातलं बोलायला लागतात. बायको गेली, मुलगी बोलत नाही, बापाला कधी सांगितलंच नाही. आणि रडतात. संकोच नाही, काही नाही.

आता हे मराठीत कसं लिहायचं, सांगा? आमचा आवाज देणारा मंगेश माइकसमोर उभा राहिला, ओळ वाचली आणि हेडफोन काढून ठेवला.

"नित्या, 'बाबा, तुमच्याशी बोलायचं राहून गेलं' हे मी बोलतो रे. पण ऐकणाऱ्याला वाटेल, हा पिऊन आलाय."

"मग मराठी माणूस बापाला काय म्हणतो?"

"'सिलेंडर आला का?' म्हणतो. त्याच्या पुढे गाडी जात नाही यार."

मी हसलो. घरी मुलुंडला आलो तर बाबा बाल्कनीत बसलेले. म्हणाले, "जेवलंस?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "हं." झालं, आमचं त्या दिवसाचं बोलणं आटोपलं.

बाबा मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर साकीनाक्यालाच लेथवर लागले. जन्म यंत्रांच्या आवाजात गेला, त्यामुळे शब्द खर्च करायची सवयच नाही. रागावले तरी हं, खूश झाले तरी हं. कुठला हं कशाचा, ते फक्त आईला कळायचं.

आईचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तीन वर्षांपूर्वी ती हॉस्पिटलमध्ये होती. सकाळी मीच बाबांना म्हटलं, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या, मी आहे इथे. ते गेले. मी तिच्याजवळ बसलो, आणि मग मला चहाची तल्लफ आली. खाली टपरीवर गेलो, एक कटिंग घेतला, त्यावर दुसरा घेतला. वर आलो तेव्हा आई गेली होती. जवळ कोणी नव्हतं. बाबा आले तेव्हा मी सांगितलं, "मी जवळच होतो. माझ्या हातात हात होता तिचा." बाबा म्हणाले, "हं."

तीन वर्षं ते खोटं माझ्या घशात अडकलेलं. त्यात हा माहितीपट. मी ठरवलं, फिनलंडवाल्यांना जमतं तर मुलुंडवाल्याला का जमू नये?

त्यात आमच्याकडे सौना आहे. हसू नका, खरंच आहे. जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला तेव्हा बिल्डरने तळमजल्यावर जिम दिली आणि जिमच्या मागे एका दारावर 'सौना' अशी पाटी लावली. आत फरशीची वाफेची खोली आहे. फिनलंडच्या माणसाने बघितली असती तर तो रडला असता, पण ते तसेही रडतातच. तिथे कोणी जात नाही. कारण खोली बरोबर जुन्या विहिरीवर आलीय. आम्ही सगळे जुने भाडेकरू कोकणातले. विहीर बुजवताना बिल्डरने राखणदाराला नारळ दिला नाही, हे सगळ्यांच्या पक्कं लक्षात होतं. राखणदार म्हणजे जागेचा मालक, दिसत नाही पण असतो. गेला आठवडाभर जिमची झाडूवाली सांगत होती, बंद दारामागे कोणीतरी हुंकार देतं.

मी त्यावर हसलो होतो, हे आधीच कबूल करतो. गंमत म्हणजे माहितीपटातही तेच. तिकडे म्हणे प्रत्येक सौनात एक म्हातारा राहतो. कोणाला दिसत नाही, सगळ्यांचं ऐकतो. निघताना शेवटची वाफ त्याच्यासाठी ठेवायची. त्या म्हाताऱ्याला मराठी शब्द सापडेना, म्हणून मीच लिहिलं, राखणदार. मंगेशसुद्धा म्हणाला, झकास बसलाय. बसला खरा, माझ्याच मानगुटीवर.

रविवारी जेवताना मी म्हटलं, "बाबा, चार वाजता खाली वाफ घ्यायला या. गुडघ्यांना बरं वाटेल."

"बघू," बाबा म्हणाले.

मी जरा उशिराच गेलो. जिममध्ये चिटपाखरू नाही. दाराबाहेरचं मोठं बटण दाबलं आणि वाफ धरेपर्यंत बाहेर फेऱ्या मारल्या, मनातल्या मनात वाक्यं जुळवत. मग पंचा लावून दार उघडलं. आतला दिवा गेलेला. पांढऱ्या वाफेत स्वतःचा हात दिसेना. ओल्या फरशीचा, आणि खरं सांगतो, विहिरीचा वास. जरा डोळे सरावले तर कोपऱ्यात कोणीतरी बसलेलं. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, पाठीला किंचित पोक.

"आलात होय?" मी म्हटलं.

मान हलली. आणि खालच्या पट्टीत आवाज आला, "हं."

मी समोर बसलो. काय सांगू, जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय." मान हलली. "मध्ये थांबवू नका." मान हलली. आणि मग मी सांगून टाकलं. टपरी, कटिंग, दुसरा कटिंग, जिना, रिकामी खुर्ची. मी जवळ नव्हतो बाबा, आई एकटी गेली आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. बोलता बोलता मला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. समोर मान हलत राहिली, सावकाश, ठराविक अंतराने. हं. हं.

"रागावलात?"

मान हलली.

"माफ कराल?"

मान हलली.

मी पुढे सरकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ओला, गरम आणि दगडासारखा कडक. मनात म्हटलं, बाबांचे गुडघे इतके आखडलेत आणि मी डॉक्टरांची वेळ पुढे ढकलतोय, मुलगा आहे की कोण? त्यांना अवघडायला नको म्हणून मी उठलो. शेवटची वाफ त्यांना ठेवली, दार ओढलं आणि वर आलो. तीन वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

घरात शिरलो. बाबा बाल्कनीत मटार सोलत बसले होते. कोरडे ठणठणीत.

"तुम्ही... वर कधी आलात?"

"गेलंय खंय?" बाबा मटारातून मान वर न काढता म्हणाले. "गुडघो दुखता. मी आज दारातसुन भायर पडूक नाय."

माझ्या पाठीवरचं पाणी वाफेचं होतं की घामाचं, ते तेव्हा कळेना. स्वयंपाकघरात जाऊन स्मिताला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"तुझा हात लागला त्याला?"

"गुडघ्याला."

"गरम होता?"

"हो गं. पण माणसाचा नव्हता." खाली वाफ चालूच होती. मी बटण बंद केलं नव्हतं, आणि आता एकट्याने जायची माझी छाती नव्हती.

स्मिता देवगडची. तिने वाद घातला नाही. देव्हाऱ्यातला नारळ घेतला, अगरबत्ती घेतली, म्हणाली, "त्याचं मागणं राहिलंय, देऊन टाकू. गाऱ्हाणं तू घाल." आम्ही खाली गेलो तेव्हा तिन्हीसांज झालेली. दार उघडलं. आतून वाफ अंगावर आली, आणि तिच्यामागे तो. तसाच बसलेला. मान हलवत. मी येणार हे माहीत असल्यासारखा.

मी उंबऱ्याशी नारळ ठेवला आणि हात जोडले. गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा राखणदारा..."

"व्हय म्हाराजा," स्मिता दातावर दात आपटत म्हणाली.

"नकळत तुझ्या जाग्यात पाय टाकलो, पदरात घे..."

"व्हय म्हाराजा."

"तुका माझो बापूस समजलंय, ती चूक माफ कर..."

"व्हय म्हाराजा," आमच्या मागून तिसरा आवाज आला.

स्मिताने माझा दंड असा धरला की पुढे चार दिवस वळ होते. मी वळलो नाही, मला वळताच येईना. मग खट्कन बटण बंद झालं. समोर त्याची मान अर्ध्यातच थांबली. हुंकारही थांबला.

मागे आमचे सेक्रेटरी तावडे, हातात टेस्टर. "काय रे नितीन, यंदा गणपतीच्या आधीच पूजा?"

तो गणपतीच्या देखाव्यातला पुतळा होता. गेल्या वर्षीचा विषय 'मोबाइल ठेवा, आजोबांशी बोला'. फायबरचे आजोबा, नातवंडं बोलली की मान हलवणारे. गणपतीला मी आणि स्मिता गावी जातो, बाबा इथेच थांबतात, त्यामुळे मी तो देखावा बघितलाच नव्हता. सौना रिकामा म्हणून तावड्यांनी सामान तिथे ठेवलेलं. आठवड्यापूर्वी आजोबांची मोटर तपासायला वायर दाराखालून काढून बाहेरच्या बोर्डावर जोडली, ती काढायची राहिली. एका बटणावर वाफही चालू आणि आजोबाही चालू. तावडेच अधूनमधून येऊन ते दाबून बघत.

"पण मोटर बघ कशी, एवढ्या वाफेतही अडकली नाही," तावडे म्हणाले. "तुझ्याच बाबांनी बसवलीय. गियर स्वतः लेथवर करून आणले. तुम्ही गावी होतात तेव्हा."

म्हणजे तो हं बाबांचाच होता, फक्त गियरमधून आलेला.

रात्री जेवायच्या आत सगळ्या टॉवरला कळलं. लिफ्टमध्ये लोक मला बघून सावकाश मान हलवायला लागले. बाबांनाही तावड्यांनी सगळं सांगितलं असणारच. मी काय कबूल केलं ते सोडून, कारण ते फक्त पुतळ्याला माहीत होतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी चहा पिताना एवढंच विचारलं, "पुतळ्याक काय सांगलंस?"

"काही नाही."

"हं."

आता माझी हिंमत बघा. समोर माणूस बसलेला, विचारतोय, आणि मी म्हणतो काही नाही. पुतळ्यापुढे रडतो आणि बापापुढे बिस्किट बुडवतो. माझीच मला इतकी लाज वाटली की दुपारी परत खाली गेलो. म्हटलं, निदान पुतळ्याला सांगून येऊ की मला जमलं नाही. वाफ सोडली, आत गेलो. कोपरा रिकामा. पुतळा कोणीतरी हलवला होता. मी त्याच्या जागी बसलो, पंचा खांद्यावर टाकून, मान खाली घालून.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा. चष्म्यावर वाफ धरलेली, भिंतीला हात लावत आले आणि माझ्या समोर बसले.

मग ते माझ्याकडे बघून, पुतळ्याशी बोलावं तसं बोलायला लागले. आयुष्यात त्यांची एवढी वाक्यं मी एका दमात ऐकली नव्हती.

"आमचो झील तुका काय सांगून गेलो, ता माका म्हायत आसा. त्या दिवशी मी रिक्षातसुन उतरलंय तेव्हा तो टपरेर चाय पित होतो. म्हटलंय, पोरगो चाय पिता म्हणजे वर सगळा ठीक आसा. मी पण वर गेलंय नाय. रस्त्याच्या ह्या बाजूक उभो ऱ्हवलंय, बिडी पेटवलंय. डॉक्टरान बिडी बंद केल्यानी, झिलान बघितल्यान तर ओरडतलो म्हणून लपलंय." त्यांनी गुडघा चोळला. "ती एकटी गेली, ती आमच्या दोघांमुळे. आणि तो एकटोच कुढत बसलोहा. ह्या त्याका कोण सांगतलो?"

मी काय करणार? अशा वेळी उठून मी नित्या आहे म्हणायचं? माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि सुचलं एवढंच की पुतळा मान हलवतो. म्हणून मी मान हलवली. सावकाश. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तर खालच्या पट्टीत "हं" सुद्धा म्हटलं.

बाबांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत घातला.

"नित्या," ते म्हणाले, "मान हलवू नको. मोटर सकाळीच मी सोडवून वर नेलंय."