दुधाचा बोळा

शेळीचं दूध तापल्याचा वास आला की राजुरातली ती दुपार आठवते. लढाईचे दिवस होते, मी सात वर्षांची आणि आईला नववा महिना; तिच्या पायांची सूज उतरत नव्हती. तिने धाकट्या भावाला माझ्या मांडीवर निजवलं आणि दुधात भिजवलेला कापसाचा बोळा माझ्या हातात दिला. “बाळ आलं की असं पाजायचं. घाई न्हाई करायची.” “पण तू पाजशील की,” मी म्हणाले. “परत एकदा कर,” एवढंच ती म्हणाली, आणि भाऊ कंटाळून रडला तरी तिने मला उठू दिलं नाही. आठवड्याने बहीण झाली आणि आई गेली. भुकेने कळवळणाऱ्या बहिणीच्या ओठांना मी बोळा लावला. ती चोखू लागली तेव्हा मला आईसाठी रडू आलं नाही, नुसतं हायसं वाटलं. ऐंशी ओलांडली तरी त्याची लाज वाटते.