भोंग्याचा बसलेला आवाज

भोंग्याला मी पहिल्यांदा भेटलो तो दाराबाहेरून. रेकॉर्डिंगच्या खोलीत एक सासू रेल्वेच्या इंजिनावर खेकसत होती, दोन म्हशी मध्यस्थी करत होत्या आणि एक निवृत्त फौजदार सगळ्यांना "शांत राहा" म्हणून दरडावता दरडावता स्वतःच हुंदके देत होता. आत निदान वीस जण चिरडून मरणार, या भीतीने मी दार ढकललं. आत हा एकटा. हातात अर्धं केळं.

"या, बसा," तो म्हशीच्या आवाजात म्हणाला. "इंजिन आत्ताच गेलं."

मी मालिकांचे संवाद लिहितो, म्हणून पुढे आमची जोडी जमली. टीव्हीवर तो शेजारी व्हायचा. दर भागात साखर मागायला यायचा आणि पायपुसण्याला अडखळून सोफ्यावर पडायचा. एवढ्या भांडवलावर त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. पाठ गेली तेव्हा कार्टूनमधल्या गाढवाला आवाज द्यायचं काम मिळालं. त्या गाढवाने त्याला घराघरांत नेलं. स्वतःच्या घरात मात्र ते जरा जास्तच आत शिरलं.

वहिनी शाळेत चित्रकला शिकवायच्या. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, वहिनी चिडल्या, की हा गाढव होऊन माफी मागायचा. त्या हसायच्या. वर्षानुवर्षं हसल्या. मग एका सकाळी गाळणं तसंच हातात धरून म्हणाल्या, "मला गाढवाशी नाही, नवऱ्याशी भांडायचंय. त्यांना बोलवा."

हा फौजदाराच्या आवाजात म्हणाला, "साहेब बाहेर गेलेत."

वहिनी बहिणीकडे राहायला गेल्या.

तेव्हापासून भोंग्याला एकच ध्यास. त्यांना फोन करायचा आणि स्वतःच्या आवाजात 'घरी ये' म्हणायचं. ते दोन शब्द तो माझ्यासमोर घोटत बसायचा.

"हा कसा वाटला?"

"हा बामच्या जाहिरातीतला."

"आणि हा?"

"हा आपल्या मालिकेतला सासरा. मेलाय तो, भोंग्या."

"मग लग्नाआधी मी बोलायचो तरी कसा?"

मला काय ठाऊक! माझी ओळखच मुळी म्हशीपासूनची.

पुढे गाढवाचा सिनेमा निघाला. त्यात गाढव अख्खा डोंगर घसरत उतरतं. भोंग्या डोंगरभर किंचाळला आणि त्याचा आवाज बसला.

"बसलाय तर चहा विचार त्याला," मी म्हटलं.

तो काहीतरी पुटपुटला आणि मी हातातला कप खाली ठेवला. घोगरा, साधा, थोडा घाबरलेला आवाज. त्यात ना म्हैस, ना सासरा. एवढ्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता.

"अरे, हाच! हाच!" मी त्याच्या हातात फोन कोंबला.

वहिनींनी उचलला. स्पीकर चालू होता.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "घरी ये. अजून हातून दोन कपांचाच चहा टाकला जातो."

 वहिनींनी थकल्यासारखं विचारलं, "हा नवीन दिसतोय. कोणाचा काढलात?"

"माझाच गं."

"छान जमलाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आठवड्याभरात आवाज मोकळा झाला. वहिनी बहिणीकडेच राहिल्या. गाढवाच्या सिनेमाचा दुसरा भाग आला, तोही भोंग्यानेच केला.