व्हरांड्यातली शिकवणी

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागं दोन खोल्या आणि एक व्हरांडा, एवढ्या जागेत आमचं काम चालायचं. आमचं म्हणते खरं, पण माझं काम म्हणजे झाडणं, चहा करणं आणि आलेल्या माणसांना बाकावर बसवणं. मी सहावीत शाळा सोडली. माहेर वैनगंगेकाठी, इथून लई लांब. लग्न करून नारायणगावच्या टोमॅटो बाजारात टेम्पो चालवणाऱ्या माणसाच्या मागं इकडं आले. तो गेला आणि एचआयव्ही माझ्याकडं राहिला. गोळ्या वेळेवर घेते, तब्येत धरून आहे. काम मिळालं त्या दिवशी मी फरशी दोनदा पुसली होती. कुणी काढून टाकलं तर, ही धास्ती.

आतल्या खोलीत शिकत होती मढच्या बाजूची एक मुलगी. आईबाप भातखाचरात राबणारे, तिच्या वाडीतून एवढं शिकलेली ती पहिलीच. हा आजार वर्षानुवर्षं अंगात राहिला की काहींच्या आठवणीवर, मनावर परिणाम होतो. तो शोधायला आदिवासी आणि धनगर घरांतल्याच पोरापोरींना संशोधक करायचं, अशी ती योजना. आपल्या माणसांना आपल्या बोलीत विचारलं तर खरं कळतं, असं पुण्याच्या मोठ्या मॅडम म्हणायच्या. मुलगी मला मावशी म्हणायची. मी तिला मॅडम म्हटलं की हसायची.

तिची परीक्षा अशी होती. आजार असलेल्या माणसाला ठरलेले दहा शब्द ऐकवायचे, लगेच विचारायचे, अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचे. अशा दहा जणांच्या तपासण्या बिनचूक झाल्या तर मॅडम तिला पुढच्या कामाला घेणार. नाहीतर पुढची तुकडी येईपर्यंत वर्षभर घरी.

आतल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. दुसऱ्याच दिवशी एक बाई डोळे पुसत बाहेर आली. म्हणाली, "तीनच आठवले गं. डोकं गेलं माझं."

ते माझ्या काळजात रुतलं. मी स्वतः गॅसवर दूध ठेवून पायरीवर बसून राहायची, ते जळल्याचा वास आला की उठायची. वाटलं, हिच्या कागदावर आता डोकं गेलं म्हणून लिहितील. माझ्याही लिहितील. आणि माणसं अशी नापास होत राहिली तर ती पोरगीही नापास होणार.

पडद्याआडून ऐकून ऐकून दहाही शब्द मला पाठ झाले होते. तिसऱ्या माणसापासून मी चहाबरोबर ते शिकवायला लागले. पाढ्यांसारखे, हाताच्या तालावर.

निमगाव सावाकडचे एक म्हातारे आबा मेंढरं लेकाच्या हवाली करून आले होते. त्यांना काही केल्या क्रम जमेना.

"आदी शिडी का आदी भाकर?"

"आधी शिडी जी, मग भाकर."

"शाळंत गेलो न्हाई ते बरं झालं. तुझ्यासारखी मास्तरीण असती तर हातावर वळ उठलं असतं."

बाक हसला. मलाही बरं वाटलं. काम दिल्याचे उपकार फेडायला आपल्याकडं एवढंच आहे असं वाटलं.

मॅडम आल्या त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन पडद्याशी थांबले होते. आत कागद उलटल्याचा आवाज. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आठ जणांना दहाच्या दहा. तेही एकाच क्रमानं. तू शिकवलेस का गं?"

"नाही मॅडम."

"मग हे कसं?"

मुलगी कागद पुन्हा उलटायला लागली. तिला ठाऊकच नव्हतं. मी आत गेले.

"तिनं नाही जी. मी शिकवले."

का शिकवले, असं मॅडमनी विचारलं. मी रडणाऱ्या बाईचं सांगितलं, कागदावर डोकं गेल्याचं लिहितील ते सांगितलं. दुधाचं नाही सांगितलं.

मॅडमनी ते कागद बाजूला ठेवले. मग मुलीला म्हणाल्या, "बाहेर माणसं घाबरून बसलीत, हे तुला त्यांच्याआधी कळायला पाहिजे होतं. नवी यादी घे. पुन्हा दहा जण, महिन्याभरात."

त्या गेल्यावर मी मुलीला विचारलं, "उद्यापासून येऊ नको का?"

"तुमी नाय आलात तर माणसं परत बोलवायची कुणी?" ती तिच्या घरच्या बोलीत बोलली. मग पायरीवर माझ्याशेजारी बसली. "इथं कुणी नापास होत नाय, मावशी. कमी आठवलं तर का, ते शोधायचं. झोप नसंल, दुःख असंल, औषध बदलायचं असंल. हे मी पयल्या दिवशी सांगायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांत आधी त्या रडलेल्या बाईच्या घरी गेली. बाकीच्यांना मी फोन केले.

"परत?" आबा म्हणाले. "पैली पाठ झालीया की."

"ती विसरा जी."

"आता ती काय या जन्मात विसरत न्हाई."

तपासणी चालायची तेव्हा मी लांब नळापाशी कप विसळत बसायची, शब्द कानावर पडू नयेत म्हणून. बाकावरची माणसं खुणेनं शब्द विचारायची, मी नाही म्हणून मान हलवायची. या खेपेला आकडे सगळ्यांचे वेगवेगळे आले. कुणाचे चार, कुणाचे नऊ. आबांचे पाच.

आधीच्यांतला एक जण आलाच नाही, म्हणून दहावी मी. मीच म्हटलं, माझी घे. खुर्चीत बसले. तिनं शब्द सावकाश वाचले. मला सहा आठवले. सातवा ओठांवर आला आणि गेला. मनात आलं, एखादा वाढवून लिहील, मावशी म्हणते ना. तिनं सहाचाच आकडा लिहिला. अर्ध्या तासानं चार, तोही तसाच.

मग तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, झोप लागते का हो?"

नवरा गेल्यापासून सगळ्यांनी गोळ्या घेता का, एवढंच विचारलं होतं. झोपेचं कुणी नव्हतं विचारलं. मी नाही म्हटलं. आणि मग तिला दुधाचंही सांगितलं.