कोणीच न बसवलेलं पॅकेज

"पाह्य. आता हात कुठी गेला?"

जिनिंगचे मालक सीसीटीव्हीच्या स्क्रीनवर बोट ठेवून मला विचारत होते. स्क्रीनवर गवई काका होते, वजनकाट्याच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलेले. काट्यावर कापसाची गाडी चढत होती. काकांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि त्यांचा उजवा हात टेबलाखाली गेला.

"अन् हात खाली गेला, की पुढं वजन हातानं भरलेलं," मालक म्हणाले. "एकदा नाही, दर गाडीले. आता मी काय समजाव?"

सकाळपासून दोन ठिकाणचे प्रिंटर करून मी चिखलीहून जीपने आलो होतो, मागच्या सीटवर अर्धा बाहेर. पाठ भरून आली होती. विजूभाऊंनी, म्हणजे आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांनी, फोनवर एवढंच सांगितलं होतं की अमडापूरच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये काट्याचा कॉम्प्युटर वजन घेत नाही. माणसावर आळ आलाय हे सांगितलं नव्हतं.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. कापसाची गाडी आली की भरलेली काट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. काट्याच्या लोखंडी पाट्याखाली वजनाचे सेन्सर असतात. त्यांची वायर केबिनमधल्या एका डब्याला येते, त्यावर लाल आकडे दिसतात. त्या डब्यातून एक केबल कॉम्प्युटरला जाते. कॉम्प्युटर आकडा स्वतः उचलतो आणि पावती छापतो. केबलीतून आकडा आला नाही तर ऑपरेटरला तो हाताने टाइप करावा लागतो, आणि मग पावतीवर तसं छापून येतं. हाताने भरलेल्या वजनाची पावती शेतकऱ्याला नको असते आणि मालकालाही. टाइप करणारा वाट्टेल ते टाइप करू शकतो, ही भीती दोघांनाही सारखीच.

"संध्याकाळपर्यंत वजन आपोआप आलं तर ठीक," मालक म्हणाले. "नाही तर उद्या काट्यावर जालन्याचा माणूस बसवतो. गवईले घरी जाऊ दे."

इथे मला माझं थोडं सांगावं लागेल. मी मूळचा दोडामार्गाकडचा. नववीत शाळा सुटली. मामा एसटीत ड्रायव्हर होते, चिखली डेपोला. त्यांच्यामागे आलो. त्यांची बदली झाली, मी इथेच राहिलो. विजूभाऊंनी दुकानात ठेवून घेतलं. आधी झाडणं, मग कीबोर्ड उघडून धुणं, मग हळूहळू बाकीचं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकटची सिस्टिम; तिची कामं दुकानात कोणाला नको असायची, ती माझ्याकडे आली. पहिल्याच वर्षी मी तापाने आडवा झालो, तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या गवई काकूंनी मला खोलीवरून उचलून त्यांच्या घरी नेलं. बरा होईपर्यंत मी काकांच्या खाटेवर झोपलो आणि काका खाली सतरंजीवर. मी पुन्हा पुन्हा आभार मानायचो तेव्हा काका म्हणायचे, "चूप बस ना बे, झोप."

तर आता त्याच काकांच्या केबिनमध्ये मी पिशवी घेऊन शिरलो. काकांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"आला का? घे, पाह्य. मले तर काही समजून नाही राह्यलं."

"काका, तुम्ही टेबलाखाली काय करता?"

"केबल दाबतो. ढिली झाली असन म्हणून काढतो अन् परत लावतो. लावली की क्षणभर पोर्ट दिसते, मंग गायब. मी काय मौजेनं खाली वाकतो काय? कंबर गेली माही."

"हे मालकांना सांगितलंत?"

"त्याहीनं विचारलं नाही. थेट कॅमेरा दाखवला."

कॉम्प्युटर नवा होता. जुन्याचा बोर्ड जळाला म्हणून मालकांनी डीलरकडून हा घेतला, लिनक्स टाकून तयार आलेला. काट्याचं सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने फोनवरून बसवून दिलं होतं. जुन्यावर सगळं चालत होतं, नव्यावर नाही. म्हणून मी आधी स्वस्तातला संशय घेतला. केबल बदलली. तेच. केबलीच्या टोकाला यूएसबीचा कन्व्हर्टर असतो, बोटाएवढा, तोही माझ्या पिशवीतला लावला. तेच. पोर्ट, म्हणजे केबल जोडली गेल्याची कॉम्प्युटरमधली नोंद, दिसायचा आणि जायचा.

खिडकीबाहेर ट्रॅक्टरांची रांग फाटकाच्या बाहेर गेली होती. पहिल्या ट्रॅक्टरचा मालक, साखरखेर्ड्याकडचा एक उंच माणूस, खिडकीच्या गजांना धरून आत बघत होता.

"काऊन हो, हा पोरगा कुठचा? बोलणं आपल्याकडलं नाही याचं."

"कोकणातला हाये," काका म्हणाले.

"मंग जमन त्याले. मासा हाताले लागून सुटते, तसंच चाललंय तुमच्या वजनाचं."

मी सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "फॉरमॅट मारा, जुनं व्हर्जन टाका." त्याला उद्या दुपार झाली असती आणि तोवर जालन्याचा माणूस खुर्चीत. विजूभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "घाबरू नको. मशीनमध्ये काय काय बसलंय ते आधी पाह्य." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला, दुकानात गिऱ्हाईक असावं.

काय काय बसलंय, हे लिनक्समध्ये बघता येतं. तिथे प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे एक पॅकेज, आणि बसलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद मशीन ठेवतं. `dpkg -l` असं टाइप केलं की सगळ्या पॅकेजांची नावं समोर येतात, एका ओळीत एक. मी टाइप केलं आणि नावं धावायला लागली.

मालक तेवढ्यात मागे येऊन उभे राहिले होते. "हे एवढं कोणं टाकलं?"

"कोणी नाही, मालक. बरंचसं आपोआप येतं. एक पॅकेज मागवलं की त्याला लागणारी बाकीची त्याच्याबरोबर येतात. वरातीत येतात तशी. आपण नवरदेवाला बोलावतो, पण उतरवून घ्यावं सगळ्यांना लागतं."

"म्हणजे कोणं काय आणलं ते समजतच नाही?"

"समजतं. पण आधी कुठलं बघायचं ते कळायला हवं."

खरं तर तेच मला कळत नव्हतं. इंग्रजी मी अजून बोट ठेवून वाचतो. मालक मागे उभे असले की तेवढंही जमत नाही. मी नावं वर खाली करत राहिलो. डोळे चुरचुरत होते. मग यादी सोडून दिली. केबल लावल्यावर मशीन स्वतःशी काय बोलतं ते बघायचं ठरवलं. लिनक्सचा गाभा प्रत्येक घडामोडीची एक ओळ लिहितो. `sudo dmesg -w` टाइप केलं की त्या ओळी जशा घडतील तशा पडद्यावर येत राहतात.

"काका, लावा आता."

काका वाकले. केबल लावली. पडद्यावर ओळी आल्या. पोर्ट जोडला गेला. लगेच पुढची ओळ, त्यात `brltty` असं एक नाव. त्याच्या पुढच्या ओळीत पोर्ट तुटला.

मी ते नाव परत वाचलं. मग यादीत तेच नाव शोधलं: `dpkg -l brltty`. होतं. त्या ओळीच्या सुरुवातीला `ii` अशी दोन अक्षरं होती, म्हणजे नीट बसलेलं. मग `apt show brltty` करून त्याची माहिती उघडली आणि एकेक शब्द लावत वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

"काय हाये ते?" मालकांनी विचारलं.

"हे ज्यांना दिसत नाही त्या माणसांसाठी आहे. ब्रेलचं यंत्र असतं, ठिपक्यांचं. ते कॉम्प्युटरला जोडलं की त्यांना पडद्यावरचं हाताने वाचता येतं. तशा काही यंत्रांत हीच चिप असते, जी आपल्या दोन्ही कन्व्हर्टरांमध्ये आहे. आपली केबल लागली की या पॅकेजला वाटतं, ब्रेलचं यंत्रच आलं. ते केबल स्वतःकडे ओढून घेतं."

"माह्या काट्यावर आंधळं कोण हाये बे?"

"काऊन?" खिडकीतून आवाज आला. "भाव लावणारा ग्रेडर हाये ना तुमचा."

रांगेतली माणसं हसली. मालक हसले नाहीत, पण ओठ दाबले.

"आणि हे टाकलं कोणं?" त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी ते माझ्याकडे बघत नव्हते, काकांकडे बघत होते.

म्हणून मी `apt-mark showauto brltty` टाइप केलं. जी पॅकेजं माणसाने मागवली नाहीत, दुसऱ्यांबरोबर आली, ती मशीन वेगळी ओळखून ठेवतं. नाव त्यांच्यात निघालं. डीलरकडे लिनक्स बसलं तेव्हाच डेस्कटॉपच्या, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-चित्रांच्या, वरातीत आलेलं.

"काकांनी नाही. डीलरने पण मुद्दाम नाही. कोणीच नाही."

मालकांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. पडद्यावरची इंग्रजी ओळ एका बाजूला आणि कॅमेऱ्यात दिसलेला हात दुसऱ्या बाजूला. मी आत्ताच पॅकेज काढून टाकलं असतं, तर वजन चालू झालं असतं, पण हाताचा संशय तसाच राहिला असता. पोराने गवईला वाचवलं, असं उद्या कोणीतरी म्हटलं असतं. म्हणून मी म्हणालो,

"मालक, काढण्याआधी एकदा तुम्ही केबल लावा."

"मी?"

"हो. काका बाहेर उभे राहतील."

काका बाहेर जाऊन ट्रॅक्टरपाशी उभे राहिले. मालकांनी पँट वर ओढली, गुडघ्यावर बसले आणि टेबलाखाली हात घातला.

"लागली?"

"हाव, लागली. धरून ठेवली घट्ट."

पोर्ट जोडला. नाव आलं. पोर्ट तुटला. मालकांचा हात अजून केबलीवरच होता. त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"मी हललो पण नाही," ते म्हणाले.

"हो ना," साखरखेर्ड्याचा माणूस खिडकीतून म्हणाला. "काट्यात गडबड करून राह्यले मालक, अन् नाव गवईचं."

"ए, तू गाडी पाह्य तुही."

मालक उठले, गुडघे झटकले. "काढ ते," मला म्हणाले.

काढण्यातही एक भीती असते. पॅकेजं जशी वरातीत येतात, तशी कधी कधी वरातीत जातात. चुकीचं काढलं आणि त्यावर टेकलेलं दुसरंही गेलं, तर मशीन उघडतच नाही. म्हणून आधी नुसतं विचारायचं: `apt -s remove brltty`. मधल्या `s` मुळे मशीन काढत काही नाही, काढलं तर काय काय जाईल तेवढं सांगतं. जाणाऱ्यांत एकच नाव आलं. मी हात पँटला पुसले, `s` काढला, पुढे परवानगीचं `sudo` लावलं आणि एंटर मारलं.

काकांना आत बोलावलं. केबल पुन्हा लावली. ओळी आल्या. पोर्ट जोडला आणि राहिला. काट्याचं सॉफ्टवेअर उघडल्यावर डब्यावरचा लाल आकडा जसाच्या तसा पडद्यावर उतरला. बाहेर ट्रॅक्टर काट्यावर चढला, आकडा पळाला, थांबला. काकांनी कशाला हात लावला नाही. पावती निघाली. साखरखेर्ड्याच्या माणसाने ती उन्हात धरून वाचली, घडी करून खिशात घातली आणि गाडी पुढे घेतली.

मालक दारापर्यंत गेले आणि वळले.

"गवई, चहा सांगू काय?"

"गाड्या होऊ द्या," काका म्हणाले.

एवढंच झालं. माफी वगैरे कोणी मागितली नाही, तशी इथे कुठे मागतात. जालन्याचा माणूस आला नाही. काका काट्यावरच राहिले. मी परत जायला रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा इतका थकलो होतो, की पहिली जीप समोरून गेली आणि हात करायचं राहून गेलं.

आता नव्या लिनक्सवर कुठेही काटा जोडायचा असला, की मी आधी ते पॅकेज आहे का बघतो. असलं तर विचारतो, इथे ब्रेलवर काम करणारं कोणी आहे का. नसेल तरच काढतो. ज्याच्या कामाचं आहे त्याच्यासाठी ते फार मोलाचं आहे. त्या बिचाऱ्या पॅकेजचाही यात काही दोष नव्हता.

परवा काकांचा फोन आला होता. माउस चालत नव्हता. मी म्हणालो, "काका, मागची वायर एकदा काढून परत लावा, होईल."

"थांब," ते म्हणाले. "वॉचमनले बोलावतो. तो पाह्याले उभा राह्यला की मंग हात लावतो."

मी फोन धरून थांबलो. फाटक लांब आहे, वॉचमन यायला वेळ लागला. मशीन बिघडलं की मी आता माणसाला काही विचारत नाही, आधी मशीनला विचारतो. त्याला कितीही वेळा विचारलं तरी ते मनाला लावून घेत नाही.