साहेबांनी घुमवलेलं पातेलं

चंद्रपूरहून सिरोंच्याची एसटी सुटली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. कारण माशाचं कालवण. सिरोंच्यातल्या मल्लक्काच्या बचत गटाला तिथल्या प्रशिक्षण केंद्रातल्या जेवणाचं काम हवं होतं, आणि चव बघायला येणाऱ्या साहेबांनी आधीच कळवलं होतं, 'साउथ इंडियन फिश करी'त नारळ पाहिजेच. गोदावरीच्या काठी नारळ! उद्या वडाभातात काजू मागतील. आमच्या संघटनेतर्फे निषेध नोंदवायला मी निघाले.

आलापल्लीनंतर रस्ता संपतो आणि खड्डे सुरू होतात. दोन्हीकडचं सागवान मात्र इतकं देखणं, की शिव्या देतादेता गप्प बसावं लागतं. अशाच एका खड्ड्यात माझ्या डब्यातलं वरण शेजारच्या आजोबांच्या धोतरावर सांडलं. "राहू दे बाई," ते म्हणाले, "धुवाचंच होतं."

सिरोंच्यात मराठीत विचारावं तर उत्तर तेलुगूत येतं. मल्लक्काच्या अंगणात चुलीवर चेपल पुलुसु (माशाचं आंबट कालवण) रटरटत होतं. चिंचेचा कोळ, लाल तिखट, मेथी आणि नदीचा रोहू. मी तिथेच भाषण सुरू केलं.

"भाषण मंग कर, अम्मा. आधी कोथिंबीर निवड," मल्लक्का म्हणाली. "हे काम गेलं तर माह्या साऱ्या बाया पुन्हा मिरच्या तोडाले तेलंगणात जातीन."

मी मुकाट्याने कोथिंबीर निवडली.

साहेब नागपूरचे. आले ते खोवलेल्या नारळाचा डबा घेऊनच! डबा एका हातात, पळी दुसऱ्या हातात, आणि थेट चुलीपाशी.

"वद्दु, वद्दु (नको, नको)!" मल्लक्का ओरडली. "पळी काऊन घालून राह्यले, साहेब? मासा मोडते. पुलुसु ढवळत नाई, पातेलं घुमवतेत."

"म्हणजे कसं?"

"तुम्हीच पाहा ना करून. दोन्हीकडून धरा. पळी ठेवा. डबा पण ठेवा खाली."

तिने दोन फडकी दिली. साहेबांनी पातेलं धरून गोल हेलकावा दिला. रस्सा काठापर्यंत चढला, खाली आला. तुकडा एकही मोडला नाही. गटातल्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

"काय हात आहे साहेबांचा! माह्या नवऱ्याले अजून जमत नाई!" मल्लक्का म्हणाली.

साहेब घामाघूम होऊन घुमवतच राहिले. तेवढ्यात डब्यातला नारळ कोंबड्यांनी संपवला. डबा कोंबड्यांकडे मीच पायाने सरकवला होता, हेही आंदोलनच.

साहेबांनी तीनदा भात घेतला. सोबतच्या कारकुनाने विचारलं, "सर, नारळाचं काय लिहू?"

"नारळ?" साहेब उखडले. "मी स्वतः केलीय ही करी! काय कमी आहे हिच्यात?"

काम गटाला मिळालं.

परतीच्या एसटीत मी विचार करत होते. हक्क ओरडूनच मागावा, असं आम्ही पत्रकात छापतो, यापुढेही छापू. पण अडवणाऱ्याचे दोन्ही हात कामाला लावायचे, ही युक्ती आमच्या एकाही पत्रकात नाही. एवढ्यात मल्लक्काचा फोन आला.

"अम्मा, साहेब विचारून राह्यले, पुन्हा पातेलं घुमवाले येऊ काय?"

"येऊ दे," मी म्हटलं. "पण या वेळी मासे पण त्यांनाच साफ करायला लाव."